अडतं ते बाहेर पडताना

धाप लागलेल्या माणसाभोवती घरातली चार माणसं जमली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "मोठा श्वास घे." पाठ चोळणारी तेच म्हणते, खिडकी उघडणारा तेच म्हणतो, फोनवरून मुंबईचा भाचाही तेच सांगतो. ज्याला धाप लागली आहे तो मात्र खांदे कानापर्यंत चढवून, दोन्ही हात खाटेच्या कडेवर रोवून नुसती मान हलवत असतो. आपल्याला वाटतं, घाबरलाय. त्याला सांगायचं असतं की बाबांनो, घेऊ कुठे? आधीचाच अजून आत आहे.

हे मला माझ्या आत्यामुळे कळलं. श्वासाचा विचार आपण सगळेच घेण्याच्या बाजूने करतो. प्राणवायू आत गेला पाहिजे, छाती फुगली पाहिजे, फुप्फुसं 'भरली' पाहिजेत. पण आपल्याकडच्या दम्याच्या आणि धापेच्या कितीतरी रोग्यांची अडचण सोडण्याची असते. घेण्याचे हाल त्यामागून येतात.

आत्या पाटण तालुक्यातली. कोयनेच्या खोऱ्यात जूनपासून पाऊस लागला की चार महिने सरपण धड वाळत नाही. चुलीवरच्या माळ्यावर रचून ठेवलेली लाकडंसुद्धा दमट राहतात. अशा लाकडाची चूल पेटत नाही, नुसती धुमसते. मग फुंकणी घ्यायची, तोंड चुलीच्या तोंडाशी न्यायचं आणि फुंकत बसायचं. एका बाजूला भाकरी, वैलावर कालवण, घरभर धूर, डोळ्यांतून पाणी. सोळाव्या वर्षी लग्न होऊन ती त्या घरात आली आणि सत्तरी ओलांडेपर्यंत तिने हेच केलं.

छातीच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "आजी, विडी-सिगारेट?" आत्याला ते लागलं. "आमच्यात बायका वडत न्हाईत." मिश्री लावते हे तिने सांगितलं नाही, पण ती वेगळी गोष्ट. डॉक्टर हसले. "बरं, आणि चूल?"

"चूल तर हायच की. चूल न्हाई तर खायाचं काय?"

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि बाहेरच्या खोलीत फुंकायच्या टेस्टला पाठवलं. त्या टेस्टकडे मी येणार आहे, पण त्याआधी हवा आत कुठून कुठे जाते ते सांगायला हवं, नाहीतर त्या आलेखाचा अर्थ लागायचा नाही.

नाक हे नुसतं भोक नाही. त्याच्या आतल्या वळणावळणाच्या भिंतींवरून जाताना हवा गरम होते, ओली होते, मोठी धूळ तिथेच अडकते. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला घेतलेला श्वाससुद्धा फुप्फुसांत पोचेपर्यंत शरीराइतका ऊबदार झालेला असतो. नंतर स्वरयंत्र, आणि त्याखाली दहा-बारा सेंटिमीटरची मुख्य श्वासनलिका. तिच्यात कूर्चेच्या अर्धगोल कड्या असतात म्हणून ती मिटत नाही. मागची बाजू मऊ, कारण तिथे अन्ननलिका चिकटून उभी आहे आणि घास जाताना तिला फुगायला जागा लागते.

पुढे दोन फाटे. उजवा फाटा रुंद आणि जवळजवळ सरळ खाली जाणारा, डावा थोडा वळून, कारण त्या बाजूला हृदयाने जागा घेतली आहे. डाव्या फुप्फुसाचे भाग दोन आणि उजव्याचे तीन, तेही म्हणूनच. हा फरक आयांनी लक्षात ठेवावा असा आहे. पोर हसता हसता शेंगदाणा खात असेल आणि जोराचा ठसका लागून नंतर गप्प झालं, तर तो दाणा बहुधा उजवीकडे जाऊन बसतो. सीताफळाची बी, हरभरा, पेनाचं टोपण, सगळ्यांचा रस्ता साधारण तोच. ठसका थांबला म्हणून घरचे विसरतात आणि नंतर त्याच बाजूला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होत राहतो. नळीत दुर्बीण घालून अशी वस्तू बाहेर काढण्याचा मान जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या गुस्ताव किलियान यांच्याकडे जातो. १८९७ साली त्यांनी एका रुग्णाच्या श्वासनलिकेतून डुकराच्या हाडाचा तुकडा काढला. आज कुठल्याही मोठ्या शहरातले कान-नाक-घशाचे डॉक्टर शेंगदाण्यांच्या अशा गोष्टी सांगू शकतील.

दाणा नाही, पण धूळ रोजच आत जाते. तिच्यासाठी नळ्यांच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म रोमके आहेत. ती सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात आणि धूळ चिकटलेला चिकट पडदा वर वर ढकलत घशापर्यंत आणतात. आपण तो नकळत गिळून टाकतो, दिवसभर. धूर आधी या रोमकांनाच लुळं करतो. मग साफसफाईचं एकच साधन उरतं, खोकला. सकाळी उठल्या उठल्या पाच-दहा मिनिटं खोकून बेडका काढणाऱ्या माणसाला आपण "त्याची सवयच आहे ती" म्हणून सोडून देतो. आत्यालाही तसंच सोडलं होतं.

फाट्यांना फाटे फुटत जातात. साधारण तेवीस वेळा विभागणी झाली की नळ्या संपतात आणि वायुकोश लागतात. त्यांची संख्या माणसागणिक बदलते, पण ती काही कोटींत, तीस ते पन्नास कोटींच्या घरात असते. सगळे कोश उलगडून अंथरले तर सत्तर चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो, म्हणजे पुण्यातला साडेसातशे चौरस फुटांचा टू बीएचके. एवढी जागा छातीच्या पिंजऱ्यात बसते ती केवळ भिंतींमुळे. घर मोठं दिसावं म्हणून आपण मधल्या भिंती पाडून हॉल करतो. फुप्फुसात कारभार उलटा आहे. सगळी देवाणघेवाण भिंतींवर होते, त्यामुळे जितक्या भिंती पडतील तितकं घर लहान होतं. हे आत्याच्या आजारात पुन्हा येईल.

त्या भिंतींची जाडी एका मायक्रॉनहूनही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. पलीकडून रक्त वाहतं, मिनिटाला जवळपास पाच लिटर. एका तांबड्या पेशीला तिथून सरकायला पाऊण सेकंद मिळतो आणि तिचं काम खरं तर पाव सेकंदात उरकतं. उरलेला वेळ ही निसर्गाने ठेवलेली शिल्लक. जिना चढताना, चढाच्या रानात डोक्यावर भारा घेऊन जाताना रक्त वेगाने धावतं, तेव्हा ही शिल्लक कामी येते. आजारात आधी तीच खर्च होते. म्हणून बसल्या जागी बरं वाटणारा माणूस दोन पायऱ्या चढला की थांबतो.

कोश इतके बारीक आणि आतून ओले, की पाण्याच्या ताणाने ते मिटून एकमेकांना चिकटायला हवेत. तसं होत नाही, कारण कोशांतल्या पेशी साबणासारखं काम करणारा एक पदार्थ, सर्फॅक्टंट, सोडत असतात. गर्भात तो पुरेसा तयार होतो अगदी शेवटच्या आठवड्यांत. वेळेआधी जन्मलेली मुलं श्वासासाठी झगडतात ती त्याच्याच अभावी. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये हे दाखवून दिलं. त्यानंतर चारच वर्षांनी, ऑगस्ट १९६३ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. कारण माहीत होतं, औषध नव्हतं. ते १९८० साली जपानमध्ये फुजिवारांनी बाळांच्या श्वासनलिकेत सोडून दाखवलं. आज आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातल्या नवजात विभागातही त्याची कुपी असते आणि "बाळाला ते महागडं इंजेक्शन नळीतून दिलं" एवढंच नातेवाइकांच्या लक्षात राहतं.

आता उच्छ्वास.

श्वास घेताना आपण काम करतो. छाती आणि पोट यांच्यामधलं श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या उचलल्या जातात, हवा आत ओढली जाते. सोडताना निरोगी माणूस काहीच करत नाही. ताणलेलं फुप्फुस स्वतःच्या लवचीकपणाने परत आक्रसतं आणि हवा निघून जाते. निसर्गाने हे काम फुकटात करून घेतलंय आणि म्हणूनच त्याची आठवण कुणाला होत नाही. शिवाय आपण फुप्फुसं कधी रिकामी करतच नाही. शांत बसलेल्या माणसाने श्वास सोडल्यावरही दोन-सव्वादोन लिटर हवा आत असते. अगदी पिळून काढली तरी लिटरभर मागे राहतेच. दर श्वासाला नवी येते ती अर्धा लिटर, त्यातलीही दीडशे मिलिलिटर नळ्यांतच घुटमळून परत जाते.

आणखी एक गोम आहे. श्वास घेताना छाती फुगते तशा आतल्या नळ्याही ताणल्या जाऊन रुंद होतात. सोडताना त्या अरुंद होतात. म्हणजे रस्ता खराब झाला असेल तर आत जाणाऱ्या हवेला तो कसाबसा मोकळा होतो आणि बाहेर येणाऱ्या हवेवर बंद होतो. दमेकऱ्याच्या छातीतून जी शिट्टी ऐकू येते ती म्हणूनच मुख्यतः श्वास सोडताना. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तिचा अडथळा दुपटीने वाढत नाही, सोळा पटींनी वाढतो. सूज एका केसाएवढी आणि हाल घरभर, हे गणित त्यातलंच.

दम्यात ही अरुंदी येते-जाते. नळ्यांचं अस्तर हुळहुळं झालेलं असतं. परागकण, थंड हवा, उदबत्ती, दिवाळीच्या सफाईची धूळ, काहीही निमित्त होतं आणि नळ्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात. औषध घेतलं की सुटतात. सीओपीडीत, म्हणजे आत्याला झालंय त्यात, वर्षानुवर्षांच्या धुराने बारीक नळ्या कायमच्या जाड आणि वेड्यावाकड्या होतात आणि कोशांमधल्या भिंती पडत जातात. भिंती पडल्या की दोन गोष्टी एकदम जातात. देवाणघेवाणीची जागा जाते, आणि तो लवचीकपणाही जातो, ज्याच्या जोरावर हवा फुकटात बाहेर पडत होती. शिवाय त्या भिंतीच बारीक नळ्यांना चहूबाजूंनी ओढून उघडं धरत होत्या. त्या गेल्या की श्वास सोडताना नळ्या मिटतात आणि हवा मागे अडकते. पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर घ्यायचा. छाती पिंपासारखी गोल होत जाते, श्वासपटल खाली दबून सपाट होतं आणि त्याला ओढायला जोरच उरत नाही. आत्याचा ब्लाउज उसवून मोठा करावा लागत होता आणि हाताच्या बांगड्या मात्र सैल होत होत्या. आम्ही म्हणायचो, वयाने अंग बदलतंय.

एक प्रश्न मला बरेच दिवस होता: दम लागलाय हे आपल्याला सांगतं कोण? मला वाटायचं प्राणवायू कमी झाला की मेंदू ओरडतो. तो ओरडतो, पण फार उशिरा. रोजची राखण मेंदूच्या बुडाशी असलेली केंद्रं करतात आणि ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवून असतात. श्वास रोखून धरला की जी असह्य तडफड होते ती आत साठत चाललेल्या कार्बन डायऑक्साइडची. गावाकडे विहिरीत बुडी मारायची पैज लागली की पोरं आधी काठावर भराभरा श्वास घेतात. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड धुतला जातो आणि राखणदारच झोपतो. पाण्याखाली प्राणवायू संपत येतो, तडफड होत नाही, आणि चांगला पोहणारा मुलगा शुद्ध हरपून तळाशी जातो. ही पैज कुणाच्या विहिरीवर चालू दिसली तर थांबवा.

कोविडमध्ये आपण याचाच दुसरा चेहरा पाहिला. ऐंशी-ब्याऐंशी सॅच्युरेशन असलेला माणूस खाटेवर बसून मोबाइल बघतोय, "मला काय झालंय?" म्हणतोय. कार्बन डायऑक्साइड प्राणवायूच्या तुलनेत वीसपट सहज पडदा ओलांडतो. फुप्फुस बिघडलं तरी तो निघून जात होता, म्हणून घंटा वाजत नव्हती. त्या दिवसांत घरोघरी बोटाला लावायचा जो चिमटा आला, त्याचं मूळ तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. ते गेले एप्रिल २०२० मध्ये, जग त्यांचंच यंत्र शोधत दुकानं पालथी घालत होतं तेव्हा.

तर ती फुंकायची टेस्ट.

आत्याला स्टुलावर बसवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात पुठ्ठ्याची नळी दिली. समोरची मुलगी वयाने विशीतली, आवाज मात्र कबड्डीच्या पंचासारखा. "आजी, आता पूर्ण भरून घ्या... घ्या, घ्या, घ्या... आणि सोडा! जोरात! सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून, अजून, थांबायचं नाही!" बाहेर बसलेले लोक दचकून दाराकडे बघायला लागले. आत्याने दोन सेकंदांत तोंड काढलं, खोकली, डोळे पुसले आणि म्हणाली, "येवढ्या लांबनं आणलं, ते फुकायला व्हय गं?"

पुन्हा केली. पडद्यावर रेघ उमटली. निरोगी माणसाची रेघ एकदम वर चढते, कारण आतली बहुतेक हवा पहिल्याच सेकंदाला बाहेर पडते. आत्याची रेघ म्हातारीने काठी टेकत चढ चढावा तशी हळूहळू वर जात राहिली आणि सहा सेकंद उलटले तरी सपाट होईना. एकूण जेवढी हवा सोडली त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे प्रमाण बघतात. औषध दिल्यानंतरही ते सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर अडथळा कायमचा. आत्याचं पन्नासच्याही खाली होतं. म्हणजे यंत्रसुद्धा मोजतं ते सोडणंच. हे यंत्र १८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने लोकांपुढे आणलं. दोन हजारांवर माणसांकडून, त्यांत पहिलवान होते, शिपाई होते, त्याने फुंकून घेतलं. पुढे हा गृहस्थ सगळं सोडून ऑस्ट्रेलियाला गेला आणि शेवटी फिजी बेटांवर वारला. त्याच्या यंत्राला पावणेदोनशे वर्षं झाली, आणि तरी आपल्याकडे ईसीजी काढला नाही असा साठीचा माणूस सापडायचा नाही आणि फुंकायची टेस्ट केलेला शोधावा लागतो.

याचं मला खरंच नवल वाटतं. देशातल्या आजारांचा २०१६ सालचा जो मोठा लेखाजोखा झाला, त्यात मृत्यूच्या कारणांत हृदयविकारानंतर दुसरा नंबर सीओपीडीचा होता, आणि रुग्ण होते साडेपाच कोटींच्या वर. एवढ्या मोठ्या आजाराला बोलीभाषेत साधं नाव नाही. लोक म्हणतात दमा, कफ, वय झालं. आणि जगभरच्या पुस्तकांत हा सिगारेटवाल्यांचा आजार म्हणून शिकवला जात होता. न ओढणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणात होतो, चुलीच्या धुराने होतो, हे ठासून मांडणाऱ्यांत पुण्याचे डॉ. संदीप साळवी होते. त्यांचा आणि पीटर बार्न्स यांचा लेख २००९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. धूर म्हटलं की आपल्याला कारखान्याची चिमणी दिसते, पण बंद खोलीत रात्रभर जळणारी एक मच्छर अगरबत्ती पंचाहत्तर ते एकशे सदतीस सिगारेटींएवढे सूक्ष्म कण सोडते असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. ती आपण लहान मुलांच्या उशाशी लावतो.

निदान झालं, पंप आला, आणि घरात भांडण सुरू झालं. पंपाबद्दल आपल्याकडे जी अढी आहे ती कशाने जाईल देव जाणे. "एकदा लागला की सुटत नाही." "तो शेवटचा उपाय." "मुलीला पंप आहे हे स्थळाला सांगू नका." हेच लोक गोळी मात्र विनातक्रार गिळतात. हिशेब बघा. साल्ब्युटामॉल या नळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची एक गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची, म्हणजे चार हजार मायक्रोग्रॅमपर्यंत. पंपाच्या एका दाबात शंभर. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून अंगभर, मग त्यातलं थोडं छातीत. म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचं औषध जिथे हवं तिथेच पडतं. पंपाची कल्पनाही एका पोरीची. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमा असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का मिळत नाही? पुढच्या वर्षी पंप बाजारात होता.

पण घ्यायचा कसा हे शिकवायला कुणाला वेळ नसतो. आत्याला रोटाहेलर दिला होता, कॅप्सूल त्यात फोडून पावडर ओढायची. पहिला आठवडा तिने कॅप्सूल चहाबरोबर गिळल्या. "गोळीच हाय की ती," तिचं म्हणणं. नंतर स्पेसर, म्हणजे पुढे पोकळ नळकांडं, लावलेला पंप आला आणि ओढून झाल्यावर चूळ भरायची हेही तिच्या सुनेला कुणीतरी नीट दाखवलं. तोवर गल्लीतल्या दोघांनी हैदराबादचा मासा सुचवून झाला होता. मृगाच्या दिवशी नामपल्लीच्या मैदानावर बथिनी कुटुंब जिवंत मरळीच्या तोंडात पिवळं औषध घालून ती गिळायला देतं. आपल्याकडचीही माणसं रात्रभर रांगेत उभी राहून ती घेऊन येतात. मला त्या रांगेतल्या लोकांना हसवत नाही. रात्री दोन वाजता उशीला टेकून बसून काढलेल्या रात्रींनंतर माणूस मासाच काय, काहीही गिळेल. पण त्याने दमा बरा होतो याला पुरावा नाही, आणि मासा गिळून आल्यावर पंप बंद करणाऱ्यांची मला खरी भीती वाटते.

औषधाइतकाच उपयोग झाला तो फिजिओथेरपिस्ट बाईंचा. त्यांनी आत्याला पुढे वाकून बसायला सांगितलं, कोपरं गुडघ्यांवर. "आजी, नाकाने सावकाश घ्या. आता ओठांचा चंबू करा आणि हळू फुंका. घेतला त्याच्या दुप्पट वेळ." ओठ आवळून सोडल्याने नळ्यांत थोडा दाब राहतो, त्या मिटत नाहीत आणि अडकलेली हवा निघते. आत्याने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि पहिल्याच झटक्यात अचूक करून दाखवलं. बाई चकित. बाकीच्यांना आठवडा लागतो म्हणाल्या. त्यांना काय ठाऊक, पन्नास-पंचावन्न वर्षं फुंकणी धरलेले ओठ होते ते.

प्राणायामातही रेचक, म्हणजे श्वास सोडणं, पूरकाच्या, म्हणजे घेण्याच्या, दुप्पट सांगितला आहे; पूरक, कुंभक म्हणजे रोखून धरणं, आणि रेचक यांचं प्रमाण एकास चारास दोन. लोणावळ्याला १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं ते अशा गोष्टी उपकरणं लावून तपासायला. आत्यासारख्या रोग्याने कुंभकाच्या वाटेला मुळीच जाऊ नये. टीव्हीवर बघून जोरजोरात भस्त्रिका करणाऱ्या धापेच्या माणसांना बघून माझाच श्वास अडतो. रेचकाचा हिशेब तेवढा घ्यावा.

गेल्या हिवाळ्यात तिला ऑक्सिजनचं मशीन आलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: मिनिटाला एक लिटर, दिवसातून किमान पंधरा तास, सॅच्युरेशन अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. आत्येभावाला ब्याण्णव हा आकडा काही पटेना. कोविडमध्ये चौऱ्याण्णवच्या खाली आलं की धावपळ केलेली आपली सगळ्यांची पिढी. एका रात्री आई धापतेय बघून त्याने चार लिटरवर नेलं. अठ्ठ्याण्णव झाले, आत्या शांत झोपली, घर निर्धास्त. सकाळी उठवलं तर ती धड उठेना, बोलणं जडावलेलं. कराडला नेल्यावर रक्त तपासलं, तर कार्बन डायऑक्साइड चढलेला. जुन्या रोग्यात राखणदाराला त्या वायूची सवय होऊन बसलेली असते, आणि जादा प्राणवायूने रक्त अशा कोशांकडेही वळतं जिथे हवा धड खेळतच नाही. दोन दिवस मास्कचं मशीन लावून तो वायू बाहेर काढावा लागला. आत्येभाऊ दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "मी जास्त दिला गं, कमी नाही." त्याला काय सांगणार? प्राणवायू आत ढकलता येतो, पण आतलं बाहेर काढायला अजून तरी नळ्यांनाच विनवावं लागतं.

आत्या आता बरी आहे, म्हणजे अंगणापर्यंत चालते आणि सुनेवर ओरडण्यापुरता दम तिच्याकडे आहे. मला काळजी त्या सुनेची वाटते. वहिनी चाळिशीतली. घरात गॅस आहे, उज्ज्वलाची लाल टाकी कोपऱ्यात फुलांच्या फडक्याखाली उभी असते. त्यावर चहा होतो, पाहुण्यांचे पोहे होतात. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच, कारण टाकी पुरवायची असते आणि दादाला, म्हणजे आत्येभावाला, गॅसवरची भाकरी चालत नाही. पंचविशीनंतर प्रत्येकाचीच फुंकण्याची ताकद वर्षाला पंचवीस-तीस मिलिलिटरने उतरत जाते. धुरात ती जास्त वेगाने उतरते. बिघाडाची सुरुवात होते ती दोन मिलिमीटरहून बारीक नळ्यांत, आणि त्या इतक्या असंख्य आहेत की बऱ्याच बंद पडल्या तरी माणसाला पत्ता लागत नाही. धाप जाणवते तोवर निम्मी ताकद गेलेली असू शकते.

आत्याला तपासायला आणलं त्या दिवशी मी वहिनीलाही स्टुलावर बसवलं. "मला कुठं काय हुतंय?" म्हणत तिने फुंकलं. त्याच मुलीचा तोच आरडाओरडा. प्रमाण आलं एकाहत्तर. डॉक्टर म्हणाले, आजार म्हणता येणार नाही, वर्षाने परत करू, आणि चूल घराबाहेर काढा. आत्याला टोचायच्या दोन लसी, फ्लूची आणि न्यूमोनियाची, त्याच दिवशी टोचून झाल्या.

चूल बाहेर काढायला सगळ्यांत मोठा विरोध आत्याचाच. चूल अशी उठवत नाहीत, सणवार बघावा लागतो, पावसात बाहेर पेटणार कशी. शेवटचा मुद्दा खरा होता. मागच्या पडवीत जागा आहे, पण आषाढात आडवा पाऊस थेट आत येतो. म्हणून आता पडवीचा पत्रा तीन फूट पुढे घ्यायचा आणि पश्चिमेच्या अंगाला ताडपत्री लावायची असं ठरलंय. दादाने माप घेतलंय. पत्रेवाला अक्षय्य तृतीयेनंतर येतो म्हणालाय, आणि भाकरी निदान रात्रीची तरी गॅसवर करायची हे दादाने कबूल केलंय, कुरकुरत.